पुढचे नऊ किलोमीटर

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी दहा जणांना विचारलं. एका माणसाच्या सांगण्यावर ओळ छापायची नाही, ही बातमीदारीतली सवय घरच्या कामातही सुटलेली नव्हती. गडचिरोलीत माझ्या ओळखीत मध्यम आकाराची सेडान वापरणारे जेवढे होते, त्या सगळ्यांना मी एकच प्रश्न केला: पेट्रोल की डिझेल? त्यांत एक वकील होते, दोन कंत्राटदार होते, कृषी खात्यातले एक अधिकारी होते, आरमोरीचे एक धानाचे व्यापारी होते. दहाही जणांनी डिझेल सांगितलं.

कारणंही जवळपास सारखीच होती. पाच माणसं आणि डिकीत तांदळाचे दोन कट्टे असले तरी डिझेल इंजिन कुरकुरत नाही. खेड्यात पेट्रोल संपलं तर माणूस अडकतो, डिझेल मात्र ट्रॅक्टर असलेल्या कुणाच्याही घरी डबाभर मिळतं. आणि विकायला काढली की डिझेल गाडी सकाळी सांगावी, दुपारी जावी. धानाचे व्यापारी म्हणाले, "पेट्रोलची सेडान म्हंजे लगनातला सूट. घेता तेव्हा भारी, विकता तेव्हा कोनी हात लावत नाई."

चंद्रपूरच्या शोरूममधल्या विक्रेत्याने वेगळा प्रश्न विचारला. रोज किती चालवणार? घर ते कार्यालय, कार्यालय ते सरकारी कचेऱ्यांचं कॉम्प्लेक्स आणि परत, असे मिळून सहा किलोमीटर होतात, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मग सर, पेट्रोल घ्या." त्याच्याकडे पेट्रोलच्या गाड्या पडून असतील आणि त्या खपवायच्या असतील, असा निष्कर्ष मी काढला. ज्याचा हितसंबंध आहे त्याचं म्हणणं बाजूला ठेवायचं, हाही नियमच होता. मी दीड लाख जास्त देऊन डिझेल घेतली.

त्या दहा जणांच्या गाड्या जुन्या होत्या. बीएस-६ चे नियम आल्यावर डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा एक फिल्टर बसू लागला, आणि तो दहांपैकी एकाच्याही गाडीत नव्हता. माझ्याकडे दहा साक्षीदार होते. ते दहाही एका जुन्याच घटनेचे होते, हे मी तपासलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात पिवळा दिवा लागला. आमच्या भागातल्या मेकॅनिकने मशीन जोडून पाहिलं आणि गाडीचं बोनेट न उघडताच निदान केलं.

"भाऊ, तुमी याले गावातल्या गावात फिरवून राह्यले."

"मग कुठे फिरवू?"

"चुलीत राख साचते का नाई, तसं आहे हे. ते राख जाळाले इंजिन चांगलं तापाले पाह्यजे. सहा किलोमीटरात काय तापते? हप्त्यातून एकदा आरमोरीले न्या. साठ-सत्तरवर चालवा, मधात थांबू नका. तिथून वळवा, वापस या. फिल्टर बदलाले लागला तर किती लागते सांगू का?"

त्याने सांगितलं. मी दर रविवारी आरमोरीला जायला लागलो.

गडचिरोली ते आरमोरी पस्तीस किलोमीटर. सकाळी आठला निघायचं, कठाणीचा पूल ओलांडायचा, पोर्ल्याच्या जंगलातून एकसारख्या वेगाने जायचं, आरमोरीच्या चौकात वळण घ्यायचं आणि इंजिन बंद न करता परत यायचं. पावणेदहाच्या आत मी घरी असे. दिवा विझला. वहीत मी किलोमीटर, डिझेल आणि तारीख लिहीत गेलो. तीन महिने हे असंच चाललं.

आरमोरीच्या चौकापासून पुढे नऊ किलोमीटरवर माझं गाव आहे. तिथे माझे वडील एकटे राहत होते.

आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. वडील पूर्वी वन विभागाच्या लाकूड डेपोत मोजणीच्या कामावर होते. सागाच्या प्रत्येक लठ्ठ्याचा घेर आणि लांबी रजिस्टरमध्ये चढवायची, आत पोकळ असेल तर तीही लिहायची, हे त्यांनी नोकरीभर केलं. बोलणं त्यांचं कामापुरतं. घरात बोलायची ती आई. ती गेल्यावर आमच्या दोघांत बोलणं असं उरलं नाही. मी वर्षातून तीन-चारदा जात असे आणि फोनवर "बरं आहे ना?" "हो" इतकं होत असे. नागपूरची बहीण आणि मी, दोघांचंही ठरलं होतं की त्यांना गडचिरोलीला आणायचं. गावाभोवती वाघाचा वावर वाढला होता, ऐंशीच्या जवळचा माणूस, दोन खोल्या, एक विहीर. वडिलांनी एक वर्ष मागून घेतलं होतं. ते वर्ष संपत आलं होतं. त्यांना ते घर सोडायचं नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

चौकातून गाडी वळवताना ती नऊ किलोमीटरची पाटी मला दर रविवारी दिसायची. मी स्वतःला सांगायचो की मध्ये थांबलो तर इंजिन थंड होईल. खरं कारण इंजिनमध्ये नव्हतं.

गावातली एक बाई आरमोरीच्या चौकात भाजी घेऊन बसते. तिने गाडी ओळखली. एका सोमवारी वडिलांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नसत, म्हणून मी मीटिंगमधून उठून बाहेर गेलो.

"तू आरमोरीवरून वापस जाते म्हंते."

"हो बाबा. गाडीचं काम असतं."

"दर इतवारी?"

मी त्यांना फिल्टर, काजळी, तापमान, सगळं क्रमाने सांगितलं. 

"म्हंजे गाडीची तब्येत पाहाले तू आरमोरीपरेंत येते."

"तसं नाही बाबा."

"मंग पुढचे नऊ किलोमीटर काऊन नाई येत? इकडची हवा नाई मानवत का तिले?"

पुढच्या रविवारी मी चौकातून सरळ गेलो.

त्या दिवशी मी घरात जे पाहिलं ते असं. भात सकाळी एकदाच शिजत होता आणि तिन्ही वेळा तोच खाल्ला जात होता. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाच पट्ट्यांपैकी तीन न उघडलेल्या होत्या. मागच्या खोलीतला दिवा गेला होता आणि तो बदलायला स्टुलावर चढता येत नाही म्हणून खोलीच वापरणं बंद झालं होतं. वर्षातून तीन-चारदा येणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं, कारण मी येणार हे आधी कळवलेलं असे आणि ते घर आवरून ठेवत.

मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, आजच घेऊन जा. वडील अंगणात उभे राहून ऐकत होते. बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी तिने एक अट घातली. मी दर आठवड्याला स्वतः जाऊन त्यांना पाहायचं, गोळ्या मोजायच्या. असं होत असेल तोवर त्यांनी तिथे राहावं. लागोपाठ दोन रविवार चुकले तर तिसऱ्या रविवारी ते गडचिरोलीत. वडिलांनी अट ऐकली आणि विचारलं, "त्या गाडीचं फिल्टर पक्कं खराब आहे ना?"

"खराब नाही बाबा. दर आठवड्याला जाळावं लागतं."

"तेच म्हनून राह्यलो. पक्कं ना?"

तेव्हापासून ते गाडीची चौकशी माझ्याआधी करू लागले. मी उतरलो की पहिला प्रश्न, "दिवा लागला होता का?" लागला नव्हता म्हटलं की चेहरा जरा उतरायचा.

फिल्टरची आणखी एक सवय होती. कधीकधी मी दारात पोचायचो तेव्हा आत काजळी जळण्याचं काम अर्धवट असे. पंखा जोरात फिरत असे, इंजिनचा आवाज थोडा चढलेला असे. अशा वेळी बंद करू नका, असं मेकॅनिकने बजावलं होतं. मग मी चालू गाडीत बसून राहायचो. पहिल्या वेळी वडील बाहेर येऊन पाहत राहिले. दुसऱ्या वेळी दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. दहा-बारा मिनिटं. समोर काच, काचेपलीकडे अंगण, वडिलांनी पाळलेल्या कोंबड्या. एकमेकांकडे बघायची सोय नव्हती. त्यांनी डेपोतल्या गोष्टी सांगायला तिथे सुरुवात केली. वरून सरळसोट दिसणारा लठ्ठा कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठोकला की कसा बोलतो. लिलावाच्या आदल्या दिवशी एका व्यापाऱ्याने पोकळ लिहू नका म्हणून कशी विनवणी केली होती. आईला लग्नानंतर पहिल्यांदा डेपो दाखवायला नेलं तर ती लठ्ठ्यांवर बसून कशी सगळ्या मजुरांची नावं विचारत सुटली. आईबद्दलचं ते बोलणं मी त्या गाडीतच प्रथम ऐकलं.

शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "बाबाजी, लेकाच्या गाडीत थंडी हवा खाऊन राह्यले का?"

"इंजिनले औषध देऊन राह्यलो," वडील काच खाली करून सांगायचे.

अशी पाच वर्षं गेली. दोन रविवार लागोपाठ कधी चुकले नाहीत. एकदा पूर होता, एकदा मला ताप होता, पण दोन्ही वेळी पुढचा रविवार पाळला गेला. त्या दहा जणांचा सल्ला चुकीचा होता. त्यांचे मी मनात अनेकदा आभार मानले आहेत. त्यांनी बरोबर सल्ला दिला असता तर मी पेट्रोल घेतली असती, तिला काही झालं नसतं, आणि मला आरमोरीच्या रस्त्याला लागायचं कारण पडलं नसतं.

गाडी विकायची वेळ आली ती माझ्या डाव्या गुडघ्यामुळे. क्लच दाबणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑटोमॅटिक हवी होती, आणि आता त्या वर्गातल्या सेडानमध्ये डिझेल मिळेनाशी झाली होती. राहिले तीन पर्याय: साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि हायब्रिड. या वेळी मी लोकांना विचारलं नाही. माझ्या पाच वर्षांच्या वहीवरून तक्ता केला.

जुनी गाडी दाखवली तेव्हा बाजार बदललेला कळला. नागपूरच्या व्यापाऱ्याने फोनवरच सांगितलं की लोकांना आता उंच गाड्या हव्यात, सेडान पडून राहते, त्यात डिझेल म्हणजे शहरात कोणी घेत नाही. चंद्रपूरच्या एका दलालाने तळ वाकून पाहिला, हवेचा फिल्टर काढून झटकला. राजुऱ्याच्या कोळसा खाणींकडच्या गाड्यांत कोळशाची भुकटी निघते आणि पंचवीस-तीस हजार तिथेच कापले जातात, तुमची स्वच्छ आहे, म्हणाला. मी पिवळ्या दिव्याचं सांगितलं तेव्हा त्याने हळू आवाजात सल्ला दिला, "दिव्याचं काही बोलू नका सर. आता लागत नाई ना? झालं."

तिसरा गिऱ्हाईक सिरोंच्याहून आला. त्याचं तिथे औषधांचं दुकान होतं. माल आणायला तो गडचिरोली, चंद्रपूर आणि नदीपलीकडे तेलंगणात जात असे. लांब रस्त्यावर चालवून पाहायची होती, म्हणून मी त्याला रविवारी बरोबर घेतलं. स्टीअरिंग त्याच्याकडे दिलं. पोर्ल्यानंतर तो गुणगुणायला लागला आणि मी ओळखलं की गाडी पसंत आहे.

गावी पोचल्यावर त्याने माझी वही चाळली. "सर, दर इतवारी नव्वद किलोमीटर? टॅक्सी चालवत होते का?"

वडील खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "माहा पोरगा मले पाहाले येत होता." मग त्यांनी गिऱ्हाइकाला समोर बसवलं. "यानं तुले पोकळ सांगितली का?"

"कोन्ती पोकळ, बाबाजी?"

"लाकूड विकताना आत पोकळ असली तं रजिस्टरात लिहा लागते. घेनाऱ्याले आधी माहीत पाह्यजे. हे गाडी गावातल्या गावात फिरवली तं तिच्या नळीत काजळी साचते, पिवळा दिवा लागते. हप्त्यातून एकदा लांब न्या लागते. लिहून दे रे त्याले."

मी विक्रीच्या कागदावर तसं लिहिलं. गिऱ्हाईक हसायला लागला. "बाबाजी, सिरोंच्यातून कुठी बी जा, शंभर-दोनशे किलोमीटर. आमच्या इथी ते काजळी साचाले टाईमच नाई भेटत." मग तो गंभीर झाला. "पन लिहिली ना पोकळ? मंग दहा हजार कमी करा."

मी वडिलांकडे पाहिलं.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "लिहिली तं कापाच लागते."

व्यवहार ठरला. ज्या गाडीला नागपुरात कोणी विचारत नव्हतं, ती योग्य रस्त्याच्या माणसाकडे योग्य भावात गेली. गिऱ्हाईक फोन करायला रस्त्यावर गेला, तेव्हा मी पाणी प्यायला आत गेलो आणि दाराशी पत्र्याची पेटी पाहिली. कुलूप लावलेलं होतं. वर दोरीने बांधलेली चादर आणि चष्म्याचं घर ठेवलेलं होतं. मागच्या खोलीतलं सगळं सामान एका कोपऱ्यात रचलेलं होतं.

"हे काय बाबा?"

"मागच्या इतवारी तू सांगितलं ना, नव्या गाडीले फिल्टर-गिल्टर नसते म्हनून. मंग मी आवरून ठेवलं. तुले कायले त्रास? तुह्या बहिणीची अटच तशी आहे." ते शांतपणे सांगत होते, लिलावातल्या एखाद्या लाकडाच्या लॉटचं माप सांगावं तसे. "धानाचं वावर पुतन्याले ठोक्यानं कसाले देतो म्हनलं. कोंबड्या शेजारनीले दिल्या. मले गडचिरोलीत चालते. एक मागची खोली असली म्हंजे झालं."

पाच वर्षांत मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं की दर आठवड्याची फेरी गाडीला पहिल्या वर्षानंतर लागतच नव्हती. दिव्याचं विचारलं की फक्त लागला नाही म्हणत असे. मेकॅनिकने नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर महिन्यातून एक फेरी पुरेशी होती. मी सांगितलं नाही आणि त्यांनी खोदून विचारलं नाही, आणि दोघांनीही ते कारण जपून वापरलं होतं. आता तोंडाने काही सांगायला गेलो असतो तर आमच्यात ते जमलं नसतं. माझ्या खिशात इंजिनांचा तक्ता होता. मी तो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पेटीवरचा चष्मा काढून लावला. तक्ते वाचण्यात त्यांचा जन्म गेलेला. आधी आडव्या ओळी, मग उभ्या. तीन इंजिनं, प्रत्येकाची किंमत, एका लिटरला किती धावते, आठ वर्षांनी विकताना अंदाजे किती येतील. त्याखाली वर्षाचं चालणं दोन ओळींत: गावातलं, आणि रविवार.

त्यांचं बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं. "हे इतवार कोन्ते?"

"इथले."

"याच्यात तं दिवा नाई."

"नाही."

"अन् किती सालाचे धरले?"

"आठ."

"आठ!" ते पहिल्यांदा हसले. "गाडीले वारंटी भेटते. मले कोन देते?"

"तुमचे रविवार धरले म्हणूनच हायब्रिड बाद झाली, बाबा. लांबच्या रस्त्यावर तिचा फायदा कमी. इतके रविवार धरले तर साधं पेट्रोल स्वस्त पडतं. रविवार काढले तर हिशेब बदलतो. ते काढायचे असतील तर मला गाडी बदलावी लागेल. बुकिंग झालं आहे."

त्यांनी कागद जवळ घेऊन रविवारची ओळ पुन्हा वाचली. मग माझ्या खिशातला पेन मागितला. "नव्वद चूक आहे," ते म्हणाले. "पावसाळ्यात नाल्यावर पानी चढते, मंग तू वरच्या गावावरून येते. तिकडून सहा किलोमीटर जास्ती पडते. जातानी सहा, येतानी सहा. पावसाळ्याचे इतवार अलग लिहा लागते." त्यांनी माझी ओळ खोडली, तिच्या जागी दोन ओळी लिहिल्या, बेरीज नव्याने केली आणि कागद परत दिला. अक्षर डेपोतलंच होतं, एका रेघेत बसलेलं.

मग ते उठले, पेटीवरची चादर काढून खाटेवर टाकली आणि कुंपणापाशी गेले.

"बाई, कोंबड्या वापस धाड व."

शेजारीण हात पुसत बाहेर आली. "आता? एक तं काल कापली ना, जवाई आले होते."

"दिली होती, कापली. तिचं काई नाई. बाकीच्या धाड."

गिऱ्हाईक रस्त्यावरून परत आला तेव्हा मी आणि माझे वडील अंगणात तीन कोंबड्यांच्या मागे धावत होतो, चौथी शेजारणीच्या छपरावर होती, आणि त्याने काही न विचारता बाह्या वर केल्या.